पाहुण्यांचं तिकीट

"सर, तुमचं विमानाचं तिकीट कुणी काढलं?"

कतारच्या अल वक्रा शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये माइकमधून हा प्रश्न घुमला, आणि विचारणाऱ्या ओवी निमकरला स्वतःचा आवाज इतका आवडला की तिनं तो पुन्हा एकदा, जरा सावकाश विचारला. इंग्रजीतच, कारण पाहुणे अमेरिकन होते. शेवटच्या रांगेत तिची दोस्तमंडळी, भैरवी आणि पियूष, तोंडावर हात दाबून हसत होती. पैज त्यांनीच लावली होती.

तसं पाहिलं तर या प्रश्नात आगाऊपणा काहीच नव्हता. कतारमधल्या मराठी घरात नवा माणूस आला की पाण्याचा ग्लास त्याच्या हातात पडायच्या आधी हाच प्रश्न येऊन पडतो. तिकीट कंपनीचं की स्वतःचं? कंपनीचं असेल तर माणूस बऱ्या नोकरीत आहे, वर्षातून एकदा बायकापोरांसकट नाशिकला जाऊन येईल. स्वतःचं असेल तर बिचाऱ्याला जेवायला थांबवून घ्यायचं. यातून जावई सुटलेले नाहीत, गायक सुटलेले नाहीत, एक बुवा आले होते तेही नाहीत. भैरवी एवढंच म्हणाली होती, "सगळे काका सगळ्यांना विचारतात ना? मग तू याला विचार. आहे हिंमत?"

वर्षभरापूर्वी हिंमत नव्हती. तेव्हाची ओवी पाहुणे आले की आईच्या ओढणीमागे जायची आणि घरातल्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर देऊन खोलीचं दार लावून घ्यायची. पण यंदा स्नेहबंध मंडळाच्या दिवाळी संमेलनाचं सूत्रसंचालन तिला मिळालं होतं, अख्खं मराठीतून. पहिल्या टाळ्या पडल्या आणि तिला कळून चुकलं, की माइक ही वस्तू आपल्या हातासाठीच बनलेली आहे.

पाहुण्यांचं नाव ब्रॅडली हॉकिन्स, अमेरिकेच्या मधल्या कुठल्याशा राज्यातले काँग्रेसमन. म्हणजे तिकडचे खासदार. त्यांचा आपल्या काँग्रेसशी काही संबंध नाही, हे मंडळाच्या चिटणीस सरोजमावशींना दोनदा सांगावं लागलं. खरं तर मुंबईहून मालिकेतला एक प्रसिद्ध सासरा मुख्य पाहुणा म्हणून यायचा होता, पण त्याचा व्हिसा अडकला. मुख्य पाहुणा नाही तर विकत आणलेली शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घालायचं कुणाच्या गळ्यात? मंडळाचे अध्यक्ष होते ओवीचे बाबा, विजय निमकर. ते नव्या स्टेडियमच्या कामावर जमिनीखालचे पाइप बघायचे. त्याच आठवड्यात हॉकिन्स आपल्या गावच्या एका खुर्च्यांच्या कंपनीबरोबर स्टेडियम पाहायला आले होते. वर्ल्डकपला चार वर्षं होती, पण कोण कशावर बसणार याची धावपळ आधीच सुरू झाली होती. बाबांनी त्यांना साइटवर गाठून विचारलं, तासभर याल का? जिथे गर्दी आणि माइक असतो तिथे हा माणूस नाही म्हणूच शकत नाही, हे बाबांना ठाऊक नव्हतं. नशिबानं जमलं.

कंपनीच्या माणसानं तर नमुन्याच्या खुर्च्याही पाठवून दिल्या. पुढच्या दोन रांगा भरतील एवढ्या, डाळिंबी रंगाच्या, पाठीवर कंपनीचं नाव. "राहू द्या मंडळाला," म्हणाला. बाबांनी अरबीत 'शुक्रन' म्हणून त्याचे आभार मानले, आणि त्या दिवसापासून पुढच्या दोन रांगांत बसायला समितीत चुरस लागली.

पाहुण्यांचा परिचय ओवीनं स्वतः लिहिला होता. हॉकिन्स यांचं गाद्यांचं दुकान होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत ते पायजम्यात उभे राहून म्हणायचे, 'तुम्ही झोपा, मी जागा आहे.' लोकांना ते इतकं पटलं की त्यांनी गाद्यांबरोबर गादीवालाही उचलला. आधी महापौर केला, मग तीनदा काँग्रेसमन. प्रचाराला वाक्य बदलायची गरजच पडली नाही. वॉशिंग्टनमध्ये ते नीतिमत्तेच्या समितीवर बसले आणि फुकट सहली करणाऱ्या खासदारांवर अशी आग पाखडू लागले, की त्यांना एका संस्थेनं पारितोषिक दिलं. ते घ्यायला ते हवाई बेटांवर गेले होते.

तर प्रश्न ऐकून हॉकिन्स हसले. "ग्रेट क्वेश्चन," म्हणाले. मग स्वातंत्र्याबद्दल बोलले, फुटबॉलबद्दल बोलले, लहानपणी पाळलेल्या कुत्र्याबद्दल बोलले आणि थांबले. ओवी हलली नाही. गृहपाठाची वही उघडेपर्यंत आई अशीच दारात उभी राहते, तशी ती माइक धरून उभी राहिली.

"माझ्या सासूबाईंनी," शेवटी हॉकिन्स म्हणाले. "वाढदिवसाची भेट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओवीची आई शोभा नवऱ्याच्या कानाशी लागली. "ऐकलंत? सासूचं नाव घेतोय माणूस. शिका काहीतरी."

पण बटाटेवडे संपायच्या आत सरोजमावशींनी निमकर कुटुंबाला कोपऱ्यात घेतलं.

"विजयराव, मुलीला आवरा. स्टेजवर बोलावून पाहुण्याला तिकिटाचं विचारतात का? उद्या पगार विचारेल."

"तुम्ही मागच्या महिन्यात विचारलात की, पियूषच्या मामाला," ओवी म्हणाली.

"तो आपला माणूस आहे."

समितीची बैठक झाली आणि निर्णय आला. ओवीनं पुढच्या संमेलनात स्टेजवर येऊन जाहीर दिलगिरी वाचायची. तोवर माइक नाही.

"दोन ओळी आहेत गं," बाबा म्हणाले. "वाचायच्या आणि खलास. मला पुन्हा अध्यक्ष व्हायचंय."

"पण दिलगीर कशाबद्दल?"

"प्रश्नाबद्दल."

"आणि उत्तराबद्दल कोण दिलगीर होणार?"

बाबांनी चहाचा कप उचलला आणि बाल्कनीत गेले.

संक्रांतीच्या कार्यक्रमात माइक पियूषला मिळाला. तो मोबाइलमधून वाचायचा, 'तिळगूळ'मधला ळ त्याला यायचा नाही, आणि प्रत्येक गायिकेला तो 'ज्यांना ओळखीची गरज नाही' म्हणून मग पाच मिनिटं तिची ओळख करून द्यायचा. ओवी दुसऱ्या रांगेत डाळिंबी खुर्चीवर बसून तिळगुळाचं ताट सांभाळत होती. तिचे ओठ पियूषच्या आधी हलत होते. घरी परतताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही, तेव्हा आई पहिल्यांदा घाबरली. अलीकडे या मुलीला गप्प बघायची सवय राहिली नव्हती.

आता संमेलनाचा व्हिडिओ मंडळाच्या फेसबुक पानावर टाकला होता तो सरोजमावशींनीच, 'अमेरिकन काँग्रेसमनच्या मुखी सासूची महती' असा मथळा देऊन. हॉकिन्स यांच्या गावातल्या वर्तमानपत्राची एक बातमीदार त्यांचं नाव इंटरनेटवर शोधत शोधत त्या पानावर पोचली. शाल पांघरलेला आपला खासदार बघून तिला आधी गंमत वाटली. मग तिनं प्रश्न ऐकला, उत्तर ऐकलं, आणि थेट सासूबाईंना फोन लावला.

सासूबाई वृद्धाश्रमात होत्या आणि पत्त्यांचा डाव सोडून आल्या होत्या. "मी?" त्या म्हणाल्या. "मी त्याला बसचं तिकीटसुद्धा काढून देणार नाही."

त्यानंतर एकेक टाका उसवत गेला. तिकीट खुर्च्यांच्या कंपनीचं होतं. त्याआधीची तिकिटंही कंपनीची होती, आणि घरामागचा पोहण्याचा तलावही. मिळालेल्या भेटी सरकारला कळवायच्या असतात; हॉकिन्सनी काहीच कळवलं नव्हतं, आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही सासूबाईच सांगितल्या होत्या. आरोपपत्र आलं. हॉकिन्स म्हणाले, हा कट आहे. मग म्हणाले, हा गैरसमज आहे. मग राजीनामा देऊन म्हणाले, आता कुटुंबाला वेळ देणार. कुटुंबाच्या वतीनं सासूबाई कोर्टात साक्षीला आल्या. दुसरी दिवाळी तोंडावर आली असताना ज्यूरीनं हॉकिन्सना दोषी ठरवलं. शिक्षा किती, ते तेवढं ठरायचं राहिलं. शुक्रवारी सकाळी पोहे खाताना बाबांनी ही बातमी फोनवर वाचली आणि लिंबू पिळायचं विसरले.

स्नेहबंध मंडळ ताबडतोब जागं झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्काराचा फोटो होता, बाबा हॉकिन्सना शाल-श्रीफळ देताना. तो कापण्यात आला. घाईत हॉकिन्स गेले पण त्यांचे हात राहिले, त्यामुळे आता फोटोत बाबा हवेत तरंगणाऱ्या दोन हातांतल्या नारळापुढे नम्रपणे वाकलेले दिसत होते. फेसबुकवरचा मथळा बदलून 'आमची निर्भीड कन्या' असा झाला. आणि पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांना पांढऱ्या सॅटिनचे अभ्रे चढले, पाठीवर, बरोबर कंपनीच्या नावावर, सोनेरी बो.

"सणाचं छान दिसतं," सरोजमावशी म्हणाल्या. त्या पेढे घेऊन घरीच आल्या होत्या. "ओवी बाळा, तुझी दिलगिरी रद्द बरं का. यंदा सत्कार तुझा. शाल, श्रीफळ, सगळं. तू फक्त दोन शब्दांत सांग, की प्रश्नाची मूळ प्रेरणा समितीची."

"आणि माइक?"

"सत्कारमूर्ती कधी सूत्रसंचालन करते का? तू पुढच्या रांगेत बसायचं. पियूष आहे ना, इन्शाल्ला छान करेल."

त्या गेल्यावर आईनं लगेच कपाट उघडलं. "माझी मोरपंखी नेस. शालीखाली उठून दिसेल."

"बघ, किती छान जुळून आलं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा सैल झाला होता. "तुझा मान राहिला, माझं अध्यक्षपद राहिलं."

ओवीनं पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला. खरं तर तिला सत्कार आवडलाच असता. शालीतला फोटो कसा येईल हे तिनं मनात पाहूनही झालं होतं. पण त्या फोटोत ती अभ्रा घातलेल्या खुर्चीवर बसली होती, आणि तिच्या पाठीला ती सोनेरी गाठ टोचत होती. शिवाय तिला आठवलं, शाल घेतल्यावर माणसाला हात जोडावे लागतात, आणि हात जोडले की माइक धरता येत नाही.

"बाबा, त्या खुर्च्यांचं काय?"

"कसलं काय? नमुने आहेत ते."

"सासूबाईंकडून?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई साडीची घडी पुन्हा घालू लागली.

"हे बघा, मी ठरवलंय," ओवी म्हणाली, शुद्ध मराठीत, प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा बेतानं. "शाल मी घेणार नाही. सूत्रसंचालन मी करणार, आणि सरोजमावशींना तसा आत्ता फोन करणार. पहिल्यांदा अध्यक्षांना स्टेजवर बोलावणार आणि विचारणार, की अभ्र्यांखालच्या खुर्च्या कुणी दिल्या. तुम्हाला आजच सांगून ठेवतेय, म्हणजे उत्तराची तयारी होईल. फक्त नाशिकच्या आजीचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, नाव घेऊ नका. तिला मी आधीच विचारलंय."