पहिला नकार

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या युनिची, म्हणजे युनिव्हर्सिटीची, ग्रिडायर्न टीम गेल्या मोसमात सहा सामने जिंकली. त्या सहाही सामन्यांतले हल्ले यतिनच्या डायनिंग टेबलवर, आलेखाच्या वहीत, पेन्सिलीने आखले गेले होते. ग्रिडायर्न म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून आणि खांद्यांवर गाद्या बांधून खेळतात तो. यतिनने हे पुण्याच्या सासऱ्यांना फोनवर तीनदा समजावून सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेऊन शेवटी विचारलं होतं, की मग यात गोलकीपर कुठे उभा राहतो.

यतिन स्वतः जन्मात कधी हा खेळ खेळला नव्हता. तो युनित सिंचन शिकवायचा. सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडे चांगला ट्रायपॉड आहे एवढ्याच कारणावरून हेड कोच डॅरलने त्याला सामन्यांचं चित्रीकरण करायला बोलावलं. डॅरल साठीचा, ट्रॅक्टर विकणारा, मोजकं बोलणारा माणूस. व्हिडिओ बघता बघता यतिनच्या लक्षात आलं, की समोरच्या खेळाडूंच्या भिंतीत फट कुठे पडते आणि बॉल तिथून कसा काढायचा, हे सगळं पाण्यासारखंच आहे. त्याने एक आकृती काढून भीतभीत डॅरलला दाखवली. ती चालली. मग दुसरी चालली. दोन वर्षांपूर्वी जुना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याची सगळी आखणी करणारा माणूस, पर्थला निघून गेला आणि ते काम कुणी न सांगता यतिनच्या अंगावर येऊन पडलं. आखलेल्या प्रत्येक चालीला नाव लागतं. यतिनने घरचीच नावं दिली. त्यामुळे शनिवारी दुपारी टूवूंबाच्या वाऱ्यात सहा फुटी, सोनेरी दाढीवाली पोरं एकमेकांना ‘मिसळ राइट’ आणि ‘फोडणी टू’ असं ओरडून सांगायची, आणि समोरची टीम बावचळून बघत राहायची.

या फेब्रुवारीत क्लबने ठरवलं, की हे पद आता रीतसर भरायचं. थोडं मानधन, टीमच्या जॅकेटवर नाव, सगळं व्यवस्थित. सराव संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता डॅरलने यतिनला विचारलं, तुला हवंय का हे काम?

आता खरी गोष्ट सांगायची, तर यतिनला ते काम इतकं हवं होतं, की जॅकेटची साइझसुद्धा त्याने मनाशी ठरवून ठेवली होती. पण समोरच्याने देऊ केलं आणि आपण लगेच हात पुढे केला, असं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. लहानपणी कुणाकडे लाडू पुढे आला तर आधी आईकडे बघायचं, मग ‘नको’ म्हणायचं, आणि यजमानीणबाईंनी दोनदा आग्रह केला की मग घ्यायचा, या शिस्तीत तो वाढला होता. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘‘छे छे, मी कसला? तुम्ही कुणीतरी चांगला अनुभवी माणूस बघा.’’

‘‘नो वरीज, मेट,’’ डॅरल म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला.

यतिनच्या हिशेबाने संभाषण आत्ता कुठे सुरू झालं होतं. गुरुवारच्या सरावाला डॅरल परत विचारेल, असं त्याने धरलं. गुरुवारी डॅरलने नव्या हेल्मेटांबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात क्लबच्या वेबसाइटवर जाहिरात लागली.

त्याची बायको नीलिमा इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माणसं गुंगीत काय काय बोलतात ते तिने ऐकलेलं, त्यामुळे शुद्धीतल्या माणसांनी मनातलं न बोलणं तिला फारसं पटायचं नाही. ती म्हणाली, ‘‘अरे, मग सरळ सांग ना त्याला, मला हवंय म्हणून.’’ यतिन म्हणाला, असं तोंड वर करून मागणं शोभतं का? नववीतल्या सावनीने मान वर न करता सुचवलं, ‘‘बाबा, जस्ट अप्लाय. इट्स अ फॉर्म.’’ पण जिथे सहा वर्षं घरच्यासारखं राबलो, तिथे अर्ज करायचा, म्हणजे स्वतःच्या घराची बेल वाजवून आत येऊ का विचारण्यासारखं झालं, असं यतिनचं म्हणणं. अर्जाची मुदत संपेपर्यंत तो मूग गिळून बसून राहिला.

आणि मग डॅरलने त्याला निवड समितीत घेतलं. तुझ्याइतकी या कामाची पारख कुणाला आहे, असं वर कौतुकही केलं. म्हणजे आपल्या जागी कोण बसणार, ते आपणच ठरवायचं. दुसरा एखादा वैतागला असता. यतिन वैतागला तो मनातल्या मनात, आणि कामाला लागला. प्रश्न त्याने काढले, गुणांचा तक्ता त्याने केला, पन्नासपैकी गुण द्यायची पद्धत त्याने घातली. तीन उमेदवार आले. एक ब्रिस्बेनचा होता, त्याने घाट चढून आठवड्यातून तीनदा यायचं म्हटल्यावर काढता पाय घेतला. दुसरा फक्त व्हिडिओ कॉलवरून शिकवणार होता. तिसरा कर्टिस, इप्सविचच्या शाळेत खेळाचा शिक्षक, कॉलेजात स्वतः खेळलेला, शांत, भला माणूस. यतिनने त्याला एक्केचाळीस गुण दिले आणि त्यातला एकही गुण त्याने हात आखडून दिला नव्हता.

त्या रात्री सगळे झोपल्यावर त्याने आणखी एक तक्ता भरला. वर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं. दोन-तीनदा खोडरबर फिरवून शेवटी बेरीज अडतीस आली. प्रत्यक्ष खेळाचा अनुभव, दहापैकी शून्य. त्याने तो कागद घडी घालून आलेखाच्या वहीत ठेवला. त्याला फार वाईट वाटलं, पण बेरीज बरोबर होती.

रविवारी शेवटचं बोलून निर्णय पक्का करायचा आणि दोन वाजता डॅरलने कर्टिसला फोन करायचा, असं ठरलं. डॅरल म्हणाला, कॅफेत भेटू. यतिन म्हणाला, कॅफेत कशाला, घरी जेवायलाच ये. डॅरल म्हणाला, उगाच त्रास नको. यतिन म्हणाला, त्रास कसला. डॅरल परत नको म्हणाला, यतिनने परत ये म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर डॅरलने हात टेकले. या सगळ्यात आपण नेमकं काय केलं, ते यतिनच्या लक्षातही आलं नाही.

जूनची थंडी होती. अंगणातल्या लाल मातीवर सकाळचं दव अकरापर्यंत टिकलं होतं. नीलिमाने आदल्या दिवशी ग्रीक योगर्ट फडक्यात बांधून श्रीखंड केलं होतं. बटाट्याची भाजी, मसालेभात आणि कढईतून थेट ताटात पुऱ्या, असा बेत. डॅरलने पहिल्या घासालाच मान डोलावली आणि मग तो बोलायचा थांबला, जेवत राहिला. यतिन त्याला कर्टिसचे गुण समजावून सांगत होता. प्रत्येक गुण सांगताना त्याचा आवाज वर्गात शिकवतानाइतका स्वच्छ होता.

पाचव्या पुरीनंतर डॅरलने ताट जरा मागे सारलं. नीलिमा दोन टम्म पुऱ्या घेऊन आली. तो म्हणाला, नको, खूप झालं. तिने एक वाढली. त्याने ती खाल्ली. ती परत आली, तो परत नको म्हणाला, तिने परत वाढली. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही पंजे ताटावर धरले, तेव्हा ती हसून मागे फिरली.

डॅरलने ताटातल्या पुरीकडे बघत विचारलं, ‘‘मी नको म्हणालो, ते तुला ऐकू आलं होतं ना?’’

‘‘आलं की,’’ नीलिमा म्हणाली. ‘‘पण आमच्याकडे पहिला नकार मोजत नाहीत. तो फक्त सभ्यपणा. दुसरा नकार म्हणजे माणूस विचार करतोय. तिसऱ्यांदा नको म्हणाला, की मग खरंच नको.’’

‘‘आणि विचारणाऱ्याने एकदाच विचारून सोडून दिलं तर?’’

‘‘तर पाहुणा उपाशी उठतो,’’ नीलिमा म्हणाली. ती सहज बोलून गेली होती. बोलून झाल्यावर तिने यतिनकडे पाहिलं, आणि झारा हातात तसाच धरून ती ओट्याशी उभी राहिली.

डॅरलने घास खाली ठेवला. घाईने काही करणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने हात पुसले, पाण्याचा घोट घेतला, आणि यतिनकडे वळून विचारलं, ‘‘फेब्रुवारीत पार्किंगमध्ये तू नाही म्हणालास. तो कितवा होता?’’

यतिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पन्नाशीला आलेल्या, दोनशे पोरांसमोर उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला लाडू चोरताना पकडलेल्या पोरासारखं वाटलं. तो म्हणाला, ते जाऊ दे आता, कर्टिस चांगला आहे.

‘‘कर्टिस चांगलाच आहे. तुला हवंय का हे काम?’’

‘‘नाही, म्हणजे, तसं नाही...’’ शब्द तोंडातून आपोआप गेले. चाळीस वर्षांची सवय, ती त्याला विचारून थोडीच बोलणार.

डॅरलने नीलिमाकडे पाहिलं. तिने झाऱ्यासकट दोन बोटं वर केली. सावनीने हातातला फोन पहिल्यांदाच उलटा करून टेबलावर ठेवला.

‘‘बरं,’’ डॅरल म्हणाला. ‘‘तिसऱ्यांदा विचारतोय, आणि यानंतर विचारणार नाही. यतिन, तुला आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर व्हायचंय का?’’

यतिनला वाटलं, आता आपण काहीतरी मोजूनमापून, शोभेलसं बोलावं. पण तोंडातून निघालं ते साधंच.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘मला हवंय. पहिल्या दिवसापासून हवं होतं.’’

म्हणून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली. आणि मग, स्वभावाला औषध नसल्यामुळे, तो उठून आलेखाची वही घेऊन आला आणि त्यातला घडी केलेला कागद त्याने डॅरलपुढे ठेवला. म्हणाला, प्रामाणिकपणे सांगायचं तर मला कर्टिसपेक्षा तीन गुण कमी आहेत.

डॅरलने चष्मा लावून कागद वाचला. ‘‘हे गुण कुणी दिले?’’

‘‘मी.’’

‘‘तक्ता कुणी केला?’’

‘‘मीच.’’

‘‘यात एक ओळ राहिली आहे,’’ डॅरल म्हणाला. त्याने यतिनचीच पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, आमच्या पोरांना ओळखतो का. पुढे दहा लिहिले, दहाला गोल केला, आणि कर्टिसच्या तक्त्यावर तीच ओळ लिहून तिच्यापुढे शून्य काढलं. बेरीज मात्र यतिननेच केली. अठ्ठेचाळीस आणि एक्केचाळीस. कुणीच न सांगता त्याने ती दोनदा तपासली.

मग यतिनला कर्टिसची काळजी लागली. बिचारा वाट बघत असेल, त्याचं काय? डॅरल म्हणाला, बॉल झेलणाऱ्या पोरांना शिकवायला शनिवारचा एक माणूस हवाच आहे, त्याला विचारतो. यतिनने अगदी गंभीरपणे बजावलं, की नाही म्हणाला तर परत विचार. डॅरल म्हणाला, तो इप्सविचचा आहे, एकदा विचारलं की पुरे. आणि फोन घेऊन तो व्हरांड्यात गेला.

काचेतून त्याची पाठ दिसत होती. दोन मिनिटं तो बोलला, मग मागे वळला आणि काचेपलीकडून त्याने अंगठा वर केला. यतिनने सुस्कारा सोडला. कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं नाही, हे समाधान त्याला पदाइतकंच मोठं वाटलं. सावनीने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, ‘‘फायनली, बाबा. दॅट टुक फोर मंथ्स.’’

नीलिमा श्रीखंडाचं पातेलं घेऊन त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे जरा ओले होते, पण ते तळणाच्या धुराने असावेत, असं तिचं म्हणणं पडलं असतं. तिने विचारलं, ‘‘अजून वाढू का थोडं?’’

‘नको’ हा शब्द यतिनच्या ओठांपर्यंत आला होता. तो त्याने गिळला आणि वाटी पुढे केली.

‘‘वाढ,’’ तो म्हणाला. ‘‘आणि थोडं नको, चांगलं वाटीभर वाढ.’’