मालूचं ‘बरोबर’

मालू नवऱ्याशी आयुष्यात एकच खोटं बोलली, आणि तेही मायेपोटी. पण ते एक खोटं ती तीन महिने रोज संध्याकाळी बोलत राहिली, त्याला काय म्हणावं!

तिचा नवरा दामाजी ठाण्याच्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, पकडायचा. जाळं नाही, गळ नाही. ओहोटीला चिखलातल्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चिंबोरीची नांगी, म्हणजे डेंगा, कुठे, पाठ कुठे, ते बोटांनीच ओळखायचा. चौऱ्याण्णव सालच्या पौषात चिखलातली फुटकी बाटली त्याच्या मनगटात घुसली. चार टाक्यांत जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. दुसरा कोणी तेव्हाच पुन्हा डॉक्टरकडे धावला असता. पण थंडीच्या चिखलात कोळ्याची बोटं बधिर होतातच; आज्याची व्हायची, बापाची व्हायची. ऊन तापलं की जाग येईल म्हणत या शहाण्याने पाच महिने घालवले.

शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पायातली नस काढून मनगटात जोडली. ती रोज जेमतेम तांदळाच्या जाडीएवढी पुढे सरकेल, म्हणाल्या, पण वाट चुकून भलत्या बोटातही शिरेल. परदेशात उंदरांवर खटपट चालली होती म्हणे, जखमेत जनुक सोडून नसेला वाट दाखवायची. माणसांना कधी, दामाजीने विचारलं. अजून पुष्कळ वर्षं, बाई म्हणाल्या. तोवर उपाय एकच: याने डोळे मिटायचे, मालूने बोट दाबायचं, याने ओळखायचं, आणि चुकला की तिथल्या तिथे सांगायचं. मेंदू त्यावरूनच शिकतो.

पुढच्या संक्रांतीला बोटांत जाग आली. मालूने आळीभर साखर वाटली. संध्याकाळी दामाजी डोळे मिटून बसला, तिने अंगठा दाबला.

“मधलं,” तो म्हणाला, आणि हसला.

वर्षभरात पहिल्यांदा हसला हो तो! तिच्या जिभेवर आलेला शब्द तिने गिळला.

“बरोबर,” ती म्हणाली.

उद्या खरं सांगू, असं तिने ठरवलं. उद्या तो आणखी खुशीत होता.

चैत्रात तो तिला न सांगता खाडीत उतरला. बिळात चिंबोरीने अंगठा धरला आणि कळ उठली मधल्या बोटात. त्याने मधलं बोट आखडून घेतलं. अंगठा डेंग्यातच राहिला आणि हाडापर्यंत चिरला.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि बोटं तपासली. दहातली आठ उत्तरं चुकली. घरी सराव कोण घेतं, त्यांनी विचारलं. घरात दोघंच होती. मालूने रडत सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा म्हणाल्या.

वाटेत दामाजीने शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच बोलला, “अंगठ्याचं काय नाय गं. मी तुज्या भरवशावर डोले मिटून बसलेलो.”

त्या संध्याकाळी तिने मधलं बोट दाबलं.

“मधलं.”

“बरोबर,” ती म्हणाली. या वेळी ते खरंच बरोबर होतं.

दामाजीने डोळे उघडून बोटाकडे बघितलं. दुसऱ्यांदाही बघितलं, तिसऱ्यांदाही. डोळे मिटल्याशिवाय हात शिकणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मालूचा हात लागला की त्याचे डोळे आपोआप उघडायचे.