ओरे कोण?

फोन वाजला तेव्हा किनुए मुळा चिरत होती. फोनच्या वर पोलिसांनी चिकटवलेला पिवळा कागद होता: 'मी बोलतोय' म्हणणाऱ्याला आधी नाव विचारा. शेजारच्या इनाबाबाईंना असाच एक खोटा 'मुलगा' फोनवर भेटला होता आणि म्हातारीला पार लुबाडून गेला होता.

"आई, ओरे बोलतोय."

किनुएचा हात थबकला. जपानीत 'ओरे' हा बाह्या सरसावलेल्या पुरुषाचा 'मी'. तिचा तात्सुकी पहिल्यापासून 'बोकु' म्हणायचा; घरातल्या पोराचा, मऊ 'मी'. बापाशी भांडून कायमचा निघाला, तेव्हासुद्धा "बोकु जातो" एवढंच म्हणाला होता. त्यानंतर कित्येक वर्षं त्याचा आवाज कानावर नव्हता.

"ओरे कोण?"

"अगं, ओरे! ओळखत नाहीस?" आवाज घोगरा होता. "घरी एकटीच आहेस का?"

तिनं फोन आपटला. एकटी आहेस का, हे चोराशिवाय कोण विचारतं? नवरा शोझो बंदरावर जाळी शिवायला गेलेला. तिनं दाराला आतून कुलूप घातलं, पोलिसांचा नंबर दाबायला पुन्हा फोन उचलला. तेवढ्यात अंगणातली खडी वाजली.

दाराच्या धुरकट काचेमागे एक रुंद सावली उभी राहिली.

"आई, दार उघड."

"माझा मुलगा स्वतःला ओरे म्हणत नाही!" ती ओरडली. "पोलिसांना बोलावलंय मी!"

सावली हलली नाही.

"ट्रक चालवतो, आई. तिथे बोकु म्हटलं की सगळे फिदीफिदी हसतात, बाळ आलं म्हणतात. आता जिभेला ओरेचंच वळण पडलंय. तुझ्यासाठी म्हणू का बोकु? म्हणतो. पण नाटक वाटेल गं."

असं तर कुणीही सांगेल.

"जाताना बाबा तुला काय म्हणाले होते?"

"किसामा." दारापलीकडे श्वास अडखळला. "वैऱ्याला 'तू' म्हणतात तसं. पोटच्या पोराला. आणि तू मोरीपाशी उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस."

हे बाहेरच्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिनं कुलूप काढलं, दार सरकवलं.

तात्सुकी दाढी वाढवून, खांदे पाडून उभा होता. "म्हणून विचारलं एकटी आहेस का. बाबांसमोर यायची हिंमत नव्हती."

तिनं त्याची बाही धरून आत ओढलं, दोघांपुरता भात वाढला. तो दोन घास खातो न खातो तोच पुढचं दार सरकलं. शोझो आला होता. उंबऱ्यातले अनोळखी बूट बघून तो जागीच थांबला. किनुए उठून दोघांच्या मधे उभी राहिली. या वेळी ती गप्प बसणार नव्हती.

तात्सुकीनं गुडघे टेकले, मान खाली घातली. "वाताशी परत आलोय. माफ करा."

साहेबासमोर वापरायचा तो 'मी' ऐकून शोझोचा चेहरा कसनुसा झाला. त्याची नजर पुन्हा बुटांकडे गेली.

"घरात कसला वाताशी?" तो खेकसला. "आणि ओमाए, बूट असे फेकतात का? बाजूला घे. मला आत येऊ दे."

'ओमाए' ऐकून किनुएनं श्वास सोडला. आपल्याच माणसाला म्हणतात तसं, रागावून का होईना, तो 'तू' म्हणाला होता. तिनं तिसरा वाडगा काढला.