धोंडीराम मिस्त्रींचा सांधा

मी एक जुना सांधा आहे. मित्रांनो, खऱ्या रेल्वेचा नव्हे, खेळण्यातल्या आगगाडीचा. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर वळवायची, एवढंच माझं काम. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून माझे रूळ झाले आणि पितळेच्या तुकड्याचा दांडा. लांबी वीतभर, पण तोरा इंजिनापेक्षा जास्त. मी नसलो तर ते बिचारं जन्मभर गोल गोल फिरत बसेल!

मला धोंडीराम मिस्त्रींनी १९२३ साली सोलापूरच्या नवी पेठेत घडवलं. किल्लीची आगगाडी तोवर परदेशातून यायची आणि बड्या घरच्या कपाटात बसायची. मिस्त्रींनी ती पत्र्यात उतरवली आणि साध्या घरांतल्या पोरांच्या हातात दिली. त्यांचं पाहून पेठेतले चार-पाच कारागीर गाड्या करू लागले. पुढे अक्कलकोटच्या जत्रेतही त्याच गाड्या धावू लागल्या.

या सगळ्यांनी मिस्त्रींची एक खोड मात्र जशीच्या तशी उचलली. माझा दांडा दाबूनच धरावा लागतो. शेवटचा डबा पार होण्याआधी बोट उचललं की दांडा उसळतो आणि मागचा डबा घसरतो. पोरं कुरकुरायची. शेजारचा दुकानदार गुंडाप्पा म्हणायचा, "मिस्त्री, एक खिट्टी बसवा की. दांडा आपला आपन ऱ्हाईल."

"न्हाय," मिस्त्री म्हणायचे. "धरायला शिकू द्या."

लोकांना यात मोठी अक्कल दिसायची. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. दुपारी पेठ सुस्तावली की मिस्त्री माझ्यावर बोट ठेवून बसायचे. रुळावर गाडी नसायची, तरी ते डबे मोजायचे. शेवटच्या डब्याशी आकडा अडायचा आणि बोटाला घाम फुटायचा. मला भीती वाटायची. त्या रिकाम्या रुळावर खरंच कुणीतरी येतंय, असं वाटायचं.

त्यांच्या पुटपुटण्यातून मला कळलं ते असं. मिस्त्री पूर्वी माढ्याकडच्या एका लहान स्टेशनात सांधेवाले होते. मालगाडी जाईपर्यंत लोखंडी दांडा दाबून धरायचा, ही त्यांची नोकरी. मोडनिंबचा महिपती त्यांचा जिवलग मित्र. तो गाडीच्या शेवटच्या डब्यात ब्रेकवर असे. १९२१च्या हिवाळ्यात एका सकाळी महिपतीने डब्यातून वाकून हुरड्याचं गाठोडं फेकलं, "धोंड्या, धर!" मिस्त्रींनी ते झेललं. दांडा उसळला. शेवटचा डबा उलटला आणि महिपती त्याखाली गेला.

चौकशीत मिस्त्री बोलून गेले, "दांडा माज्या हातातच हुता." मग कागदावर आलं, की ब्रेकवाला ब्रेक सोडून बाहेर वाकला, म्हणून डबा घसरला. मेलेल्या माणसावर ठपका बसला. मिस्त्री नोकरी सोडून शहरात आले, पण ती सकाळ त्यांच्या मागोमाग आली.

चौदा वर्षांनी महिपतीची बायको, बजाबाई, दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मिस्त्रींनी हातातली कातरी खाली ठेवली.

"भावजी, ऐकलं, तुमी गाड्या करताय. नातीला एक द्या."

मिस्त्रींनी गाडीला किल्ली देऊन ती रुळावर सोडली. बजाबाईंनी माझ्यावर बोट ठेवलं.

"शेवटचा डबा जाईस्तवर उचलू नका, वैनी."

"आन उचललं तर?"

"मागचा डबा घसरतो."

गाडी गेली. बजाबाईंनी बोट उचललं नाही. खाली बघतच त्यांनी विचारलं, "भावजी, हुरडा तुमच्या हातात पडला हुता का?"

"पडला."

"कंच्या हातात?"

मिस्त्री एक खोटं बोलले असते तर सगळं तसंच झाकून राहिलं असतं.

"दोनी हातांत, वैनी. दांडा सोडला म्या. चूक माजी हाय, त्याची न्हाय."

बजाबाई रडल्या नाहीत. "त्यो हुरडा म्या बांधून दिला हुता, तुमच्यासाटी," त्या म्हणाल्या. "माज्या गाठोड्यापायी ह्यांनी ब्रेक सोडला, ह्यांचा जीव म्याच घेतला, असं समजत जगले. येकदा येऊन सांगायचं व्हतं की!"

गाडी न घेताच त्या गेल्या. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली. सारं ठाऊक असून मी मुका होतो; मी पडलो पत्र्याचा. मिस्त्रींना तर तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेल्वेच्या कचेरीत जबाब दिला. कागद जुना झाला, आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी मोडनिंबच्या चावडीवर उभं राहून सगळ्यांदेखत चूक कबूल केली.

१९३७ साली मिस्त्री वारले. पेठेतल्या कारागिरांनी सभा भरवली. मधोमध टेबलावर मला मांडलं होतं. गुंडाप्पा म्हणाला, "आमा सगळ्यांना गाडी ह्या मानसानं शिकवली." सगळे हळहळले. मलाही भरून आलं. ते माझे जन्मदाते होते.

मित्रांनो, मला तेल घाला किंवा अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण तुमच्या चुकीचं ओझं दुसरं कुणी वाहत असेल, तर आजच त्याच्या दारी जा.

सभेत मागे बजाबाई बसल्या होत्या. कुणीतरी त्यांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या पदर सावरत उठल्या.

"मानूस लई गुणाचा," त्या म्हणाल्या. "पन भावजींनी खरं सांगेस्तवर माजी सासू लेकाला दोष देतच मेली."