नावातला जास्तीचा 'ए'

परगावच्या कॉलेजच्या प्रवेशाचं बघायचं ते आपणच, हे आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. लेकीची परीक्षा तोंडावर आलेली. तिने पुस्तकातून मान वर न काढता "बघ बाई तूच" म्हटलं, आणि आईला जणू पंख फुटले.

कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. पँट्स आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करायच्या. मशीनवरच्या रिळांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, की 'पालकांसाठी प्रवेश मार्गदर्शन' सुरू. त्या संकेतस्थळावर सगळं होतं. कॉलेज कसं निवडावं, निबंध मुलांनाच का लिहू द्यावा, वसतिगृहात काय न्यावं. पालकांचा एक गट होता. तिथे कुणीही काहीही विचारावं आणि अनोळखी आयांनी पोटतिडकीने उत्तरं द्यावीत. 'घर रिकामं होताना' हा भाग मात्र तिने कधी उघडला नाही.

"ताई, कॉलेजात पोरगी जाणार की तुम्ही?" मास्तर कात्री चालवता चालवता म्हणाले.

"पोरगीच. मी नुसती मागून ढकलतेय."

"मग जरा हळू ढकला. बाही उलटी लागलीय."

बाही खरंच उलटी लागली होती.

अर्जही तिने तिथेच भरला, जेवणाच्या सुट्टीत. संपर्कासाठी स्वतःचा फोन, स्वतःचा मेल. लेकीच्या डोक्याला ताप नको. नाव इंग्रजीत टाइप करताना तिचे ओठ हलत होते. खिडकीतून हाक मारताना लेकीच्या नावाचा शेवट ती असा लांबवायची, की गल्लीच्या टोकाला खेळणारी पोर निमूट घरी यायची. बोटांनीही तो तसाच लांबवला. एका 'ए'च्या जागी दोन पडले. मग तिने सगळा अर्ज नीट वाचून काढला, फक्त नाव सोडून. पोटच्या पोरीचं नाव कोण तपासून बघतं?

लेकीचे पेपर चालू असताना कॉलेजच्या नावाने एक मेसेज आला. 'अभिनंदन. आपली जागा राखून ठेवली आहे. शुक्रवारपर्यंत होकार न कळवल्यास ती पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाईल. खालची लिंक दाबा.'

आईचं बोट लिंककडे गेलं. पण ती आता कच्ची राहिली नव्हती. फसवे मेसेज कसे ओळखावेत, हे संकेतस्थळावर तिने दोनदा ऐकलं होतं: घाई करतात, लिंक दाबायला लावतात, आणि नाव चुकीचं लिहितात. इथे तर तिन्ही होतं. लेकीच्या नावात जास्तीचा 'ए'!

"मेल्यांनो, माझ्या पोरीचं नाव तरी धड लिहा," असं म्हणत तिने मेसेज उडवला, नंबर बंद केला. तसाच एक मेल आला, त्याचीही तीच गत. "मास्तर, मला गंडवायला निघाले होते!"

"तुम्हाला? मग तर ते उपाशी मरणार," मास्तर म्हणाले.

लेकीला तिने यातलं काही सांगितलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना असलं काही ऐकवू नका, हेही तिथेच सांगितलं होतं.

पेपर संपले आणि लेकीच्या मैत्रिणीला त्याच कॉलेजची जागा मिळाल्याचं कळलं. "आई, पासवर्ड दे गं, आपलं बघते," म्हणत लेक दुकानातच आली. मशीनशेजारी उभी राहून तिने खातं उघडलं. पान दोनदा खालीवर सरकवलं. मग फोन आईपुढे धरला. 'होकार न आल्याने जागा रद्द.' वर लेकीचं नाव होतं, जास्तीच्या 'ए'सकट.

आईने ते अक्षर न् अक्षर वाचलं. पाय मशीनच्या पायडलवरच राहिला.

कॉलेजच्या कार्यालयात तिने लगेच फोन लावला. नाव, नंबर, जास्तीचा 'ए', उडवलेला मेसेज, सगळं भडाभडा सांगितलं. "चूक माझी आहे हो, पोरीची नाही." पलीकडची बाई मऊ आवाजाची होती. "कळतंय मला. पण जागा दुसऱ्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी बघा." 

आईने फोन खाली ठेवला. छातीत दगड बसल्यासारखं झालं होतं. आणि त्या दगडाच्याही खाली, अगदी तळाशी, काहीतरी सैल झालं. म्हणजे ही इथलंच कॉलेज घेणार. म्हणजे संध्याकाळी दाराशी हिच्या चपला असणार. तिने तो विचार तिथल्या तिथे चिरडला. मास्तर कात्री ठेवून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

"मला एकदा दाखवायचास ना तो मेसेज," लेक म्हणाली. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"तुझा पेपर होता गं."

"हो." लेकीने समोरचा धाग्याचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला. "आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"मी आता जाणार नाही, हे कळल्यावर तुला थोडं तरी बरं वाटलं ना?"

'काहीतरीच काय बोलतेस' म्हणायला आईने तोंड उघडलं. लेक तिच्या डोळ्यांत बघत होती, आणि शब्द काही बाहेर पडला नाही.