अण्णांनी कुठे चालायचं?

पाकिटावर हरणाचा फोटो. हरीण गवतावर चारही पाय देऊन उभं.

डाव्या पायाचा अंगठा हलला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"दादा, आमच्याकडचं बघ! गालिचा आहे गालिचा!"

गुळगुळीत फरशी. तिच्यावर न्हाणीपर्यंत अंथरलेल्या जुन्या चादरी.

कात्री. केसांची नव्हे, पण चालवणारा न्हाव्यासारखा एक डोळा मिटून बघतो.

हे सगळं एकाच घरातलं. कात्रीवाले म्हणजे साहेब. निवृत्त झाले तरी घरीदारी साहेबच. हाताखालची माणसं गेली, म्हणून त्यांनी गवत हाताखाली घेतलं. थंड देशात राहणाऱ्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर आपलं हिरवंगार अंगण मिरवलं, हरणाच्या पाकिटातून तिथलं बियाणं धाडलं आणि साहेबांनी ते इथल्या रणरणत्या उन्हात, घरापुढच्या अंगणात पेरलं.

अंगठा त्यांच्या सासऱ्यांचा. अण्णांची डावी बाजू झटक्याने लुळी पडली आणि ते लेकीकडे राहायला आले. लेक पन्नाशी ओलांडलेली. अण्णांसाठी अजून चिमीच.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चिमीला बजावलं होतं, "फरशीला घाबरतात ते. मऊ गवतावर अनवाणी चालवा. आत्ता पावलं पडली तर पडली. नाहीतर कायमची खुर्ची."

चिमीने नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी गवताकडे पाहिलं.

"कोवळं आहे गं अजून. जरा धरू दे."

अण्णांचा पायही कोवळाच आहे, हे चिमीच्या ओठांवर आलं होतं.

आता हे गवत धरणार कसं? त्याला सवय गारव्याची. साहेब भर दुपारी त्याला पाणी देत, तेही पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडावं तसं. वरचा पापुद्रा ओला, खाली ठणठणीत कोरडं. त्यात पाती जरा वर आली की कात्री हजर. मुळांवर सावली म्हणून राहत नसे. गवत पिवळं पडे, मग तपकिरी, मग साहेब पुन्हा पेरत आणि पाटी पुन्हा ठोकत : गवतावर चालू नये. मेलेल्या गवतालाही हुकूम लागू. तो रद्द करायला कुणी वरिष्ठ उरला नव्हता.

मधूनच हरळी डोकं वर काढी. ती इथलीच, उन्हाला भीक न घालणारी.

"फुकटी मेली!" म्हणत साहेब ती उपटत आणि घरामागे भिरकावत.

टाकल्या जागी हरळीने मूळ धरलं. चिमी भाज्या धुतलेलं पाणी तिच्यावर ओतायची, बाकी काही नाही. बघता बघता मागे दाट हिरवा पट्टा झाला. एका सकाळी तिने अण्णांना तिथे उभं केलं.

"चिमे, सोडू नकोस हं."

"नाही सोडत."

"खोटारडी! सोडलंस की!"

अण्णा भिंत गाठून, भिंतीलाच धरून हसत होते. मग ते रोज चालू लागले. फरशीवरून न्हाणीत जातानाही आता चिमीचा दंड पूर्वीइतका घट्ट आवळत नसत.

आणि मग साहेबांना घरामागचा पट्टा दिसला.

चिमी भाजी घेऊन परतली तर साहेब कुदळीने त्याचे चौकोन कापून पुढच्या अंगणात नेऊन बसवत होते. घामाघूम, पण खूश.

"उद्या व्हिडिओवर दाखवतो तिला! कसला गालिचा, म्हणावं, हे बघ!"

"आणि अण्णांनी कुठे चालायचं?"

"धरू दे गं जरा. महिनाभर."

मागे नुसते खड्डे. अण्णांनी दारातून ते पाहिलं आणि आत वळले. "राहू दे चिमे. खुर्ची काय वाईट आहे?"

चिमीच्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब मोबाइल उंच धरून बहिणीला अंगण दाखवत असताना पुढचं दार उघडलं. चिमीने अण्णांच्या चपला काढून पायरीवर ठेवल्या आणि त्यांना सरळ गवतात उतरवलं.

साहेबांनी डोळे वटारले, मोबाइलमध्ये दिसणार नाही अशा बेताने.

"अय्या! अण्णा चालायला लागले?" मोबाइलमधून आवाज आला. "दादा, चालू देतोस तू?"

"वन्सं, नवी लावलेली हरळी दाबून बसवावी लागते," चिमी म्हणाली. "अण्णा दाबतायत."

"हरळी? ती कुठली?"

साहेबांनी घसा खाकरला. "इथलं खास वाण आहे. इथल्या हवेला मानवेल असं. पुष्कळ अभ्यास करून निवडलं. अण्णांना चालता यावं म्हणूनच, खरं तर."

"किती करतोस रे सगळ्यांचं!"

"ऐकलंत ना अण्णा?" चिमी मोबाइलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "खास तुमच्यासाठी आहे. रोज चालायचं. चला, फाटकापर्यंत."

"हात सोड मग," अण्णा म्हणाले.

ते फाटकापर्यंत गेले. वळताना डगमगले, सावरले आणि एकटे परत आले.

हे घर घेतलं तेव्हा पुढचं सगळं अंगण हरळीचंच होतं. साहेबांनी माणसं लावून ते खरवडून काढलं होतं.