लोणच्याच्या बरणीतला दगड

आमच्या मालकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या आणि घरात दगड आणले. त्यावरून मी पुष्कळ बोलले आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. सुरुंग उडाला की बाकीचे मजूर पाणी लागलं का ते बघायचे, हे कपारीत हात घालून गारगोट्या चाचपायचे. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत धान्याची एक कोठी आणि दगडांच्या तीन पेट्या. कापसासारखा एक दगड पालथ्या ग्लासाखाली असायचा, त्याच्यासमोर शिंकायचीही चोरी. दुसऱ्यावर बारीक सुया होत्या. मी एकदा फडक्याने पुसायला गेले, तर अर्ध्या सुया फडक्यात आल्या. त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

पण खरा जीव होता तो बरणीतल्या दगडात. पांढऱ्या काड्यांची ती जुडी आमच्या स्वतःच्या विहिरीतली, बिडकीनच्या शेतातली. कोरडी हवा लागली की त्या जातीच्या दगडाचं पीठ होतं, म्हणून तो सव्वीस वर्षं लोणच्याच्या बरणीत, पाण्यात बुडवलेला. पुढे शेत कारखान्यांसाठी गेलं, विहीर मुरूम टाकून बुजवली. त्या जमिनीचं आमच्याकडे राहिलं ते एवढंच.

साखरेच्या दुखण्याने मालकांचे डोळे गेले, मग एक पाय गेला, आणि बरणीचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. इथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. नळ आला की खाटेवरून पहिला प्रश्न:

"बन्सीची माय, बरणीचं पाणी बदललं का?"

"व्हय. माझ्या सवतीला आधी पाजलं."

ते हसायचे. दिवसातून तेवढंच हसायचे.

यंदा घट बसायच्या आधी मी दसरा काढला. गोधड्या, डबे, भांडी, सगळं घर धुऊन गच्चीवर वाळत घातलं. दगडाला खालून शेवाळ धरलं होतं. जुन्या ब्रशाने हळूच घासला आणि कठड्यावर ठेवला. पीठ होतं हे मला ठाऊक होतं. पण घटकाभर उन्हाने काय होतंय, असं वाटलं. तेवढ्यात खालून शेजारच्या वच्छलाबाईंनी हाक दिली, "अवं, नळ आला!"

टाकी, हंडे, बादल्या भरता भरता अंधार पडला, गोधड्या-डबे चाचपडतच खाली आणले. मालकांचा डोळा लागला होता, त्यामुळे त्या दिवशी प्रश्नही आला नाही. दगड आठवला तो तिसऱ्या दिवशी. उचलायला गेले, तर बोटांत पीठ आलं.

ते सगळं गोळा करून मी बरणीत घातलं, वर पाणी ओतलं. पुढच्या नळाला त्यांनी विचारलं, मी "व्हय" म्हणाले. चार वेळा मी तसंच खोटं बोलले.

दुसरा पाय काढायला न्यायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "आपल्या हिरीचा दगड जरा हातात दे."

मी पेटीतला दुसरा पांढरा दगड काढला, पाण्यात बुडवून दिला. त्यांनी अंगठा फिरवला. फार वेळ लागला नाही.

"ह्यो करमाडचा हाय. सूर्यभानच्या हिरीतला."

मी तो दगड त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कधी गेला?"

"दसरा काढताना. उन्हात राहिला. माझ्याच हातनं झालं."

वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर लई बरं झालं असतं.

"त्याला दुसरं काय लागत व्हतं गं," ते म्हणाले. "पाणीच तर लागत व्हतं."

त्यांना घरी आणून आता महिना झाला. नळ आला तरी ते काही विचारत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी बरणी घेते, त्यांना ऐकू जाईल अशी मोरीत ओतते, ताजं पाणी घालते. कितीही जपून ओतलं तरी दर वेळी थोडं पीठ पाण्याबरोबर जातंच. संक्रांतीपर्यंत बरणीत नुसतं पाणी उरेल.